कोब्रा रेप्लिकाला १५ इंची चाकं की १७? दोन्ही वापरून झाल्यावरचा अनुभव

मिशिगनला राहतो, ४२७ कोब्राची (१९६० च्या दशकातली अमेरिकन स्पोर्ट्स कार) रेप्लिका, म्हणजे हुबेहूब नक्कल आहे, अर्धवट जोडलेलं किट घेतलं होतं आणि बाकीचं गॅरेजमध्ये स्वतः पूर्ण केलं. आधीच्या मालकाने १५ इंची चाकं दिलेली, त्यावर एक पूर्ण सीझन काढला, आता १७ इंचीवर एप्रिल ते ऑक्टोबर फिरवलीये म्हणून लिहितोय.

दिसायला १५ इंचीच खरी हे आधी कबूल करतो. ही गाडी बनवणाऱ्या कॅरल शेल्बीच्या १९६५ च्या ४२७ ला १५ इंचीच चाकं होती, टायरची जाड भिंत दिसली की गाडी बरोबर त्या काळातली वाटते. माझ्याकडे पुढे २३५/६० आणि मागे २९५/५० होते (पहिला आकडा मिमीमध्ये रुंदी, दुसरा भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत), पण या मापात रुंद आणि चांगल्या पकडीचे रस्त्यावर चालणारे टायर फारच कमी मिळतात, आणि माझ्या टायरवरच्या डीओटी कोडचे (बाजूला छापलेला उत्पादनाचा नंबर) शेवटचे चार आकडे वाचले (पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष) तर आठ वर्षं जुने निघाले! नक्षी नव्यासारखी पण रबर पार कडक झालेलं, ओल्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्येसुद्धा मागची बाजू सटकायची. त्यात मला पुढे १३ इंची ब्रेक डिस्क बसवायच्या होत्या, त्या १५ च्या रिममध्ये मावतच नाहीत, मग विषय संपला.

आता पुढे १७x९ च्या रिमवर (व्यास x रुंदी, इंचात) २४५/४५ आणि मागे १७x१०.५ वर २७५/४० आहेत. सगळे ३१५/३५ घे म्हणत होते. गंमत म्हणजे २४५/४५, २७५/४० आणि ३१५/३५ या तिन्हींची उंची जवळपास सारखीच, ६५२ मिमीच्या आसपास, त्यामुळे गाडीच्या उंचीत काही फरक पडत नाही, प्रश्न फक्त रुंदीचा. गाडी जेमतेम हजार किलोच्या वर, एवढ्या हलक्या गाडीखाली ३१५ पकड येण्याइतके गरमच होत नाहीत असं माझं मत आहे, आणि ३१५ मध्ये निवडायला ब्रँडही कमी. मागचा फेंडर फुगीर आहे त्यामुळे २७५ थोडे आत दिसतात हे खरं, पण घाटासारख्या वळणावर स्टिअरिंग जे बोलतं त्यापुढे मला ते चालतं. जुने मागचे टायर ६७६ मिमीचे होते, म्हणून स्पीडोमीटर आता ताशी ६० मैलांना ६२ दाखवतो, तो नवीन मापाला सेट करून घ्यायचाय.

चूक कुठे झाली तर पुढच्या रिमच्या ऑफसेटमध्ये (रिमच्या मध्यापासून हबला टेकणारी बाजू किती सरकलेली आहे ते अंतर). दुसऱ्याच्या गाडीचा आकडा बघून ऑर्डर केली, टायर चढवून घेतले आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की आतली कड सस्पेन्शनच्या आर्मला घासायला लागली, आणि टायर एकदा चढला की दुकानदार रिम परत घेत नाही. ५ मिमीचा स्पेसर (हब आणि रिमच्या मध्ये बसणारी चकती) लावून सुटलं, पण नट पुरेसे आटे धरतायत का ते मोजूनच लावला. हिशोब सोपाय, ९ इंची रिम दोन्ही कडा धरून साधारण १० इंच भरते, त्याचं अर्धं ५, ऑफसेट +२५ मिमी म्हणजे अजून १, झालं ६ इंच बॅकस्पेसिंग, म्हणजे हबला टेकणाऱ्या बाजूपासून रिमच्या आतल्या कडेपर्यंतचं अंतर. आता हब ते आर्म तुमच्या गाडीवर मोजा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून आणि गाडी चाकांवर उभी असताना, जॅकवर नाही.

हवेचं पण सांगतो. सुरुवातीला सवयीने ३२ पीएसआय ठेवली, गाडी खड्ड्यांवर उड्या मारायची (इथले खड्डे हिवाळ्यानंतर बघा एकदा) आणि मागचे टायर मधोमध झिजायला लागले. आता पुढे २४, मागे २६, थंड असताना. हे समर टायर (फक्त उबदार हवेसाठीचे) आहेत, ऑक्टोबरच्या थंडीत सकाळी पहिली काही मैल पकड जवळजवळ नसतेच, तेव्हा मी गाडी काढत नाही.

साताऱ्याला बाबांना फोटो पाठवला तर पहिला प्रश्न, मागची एवढी रुंद तर स्टेपनी कुठली ठेवतोस? नाही ठेवत, जागाच नाही, पंक्चरचं किट आणि छोटा कॉम्प्रेसर ट्रंकमध्ये असतो. मापं विचारायची असतील तर आधी तुमचे ब्रेक आणि मागचा ॲक्सल कुठला ते लिहा, त्याशिवाय नुसता रिमचा आकडा देऊन तुमचेही पैसे माझ्यासारखे अडकतील.