पंढरीच्या वाटेवर कोणता घाट? म्हापशातील एका सायकल दुकानाच्या सेवेचे परीक्षण

गोव्यातून सायकलने पंढरपूरला जायचे म्हटले की अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या वर जाते, परंतु भाविकाच्या मनात पहिला प्रश्न अंतराचा नसतो, तर घाटाचा असतो. कोकणपट्टीतून देशावर चढल्याशिवाय चंद्रभागा दिसत नाही आणि ही चढण कुठून चढायची यावर पुढचा सारा प्रवास अवलंबून राहतो. आमच्या भजनी मंडळातील काही जणांनी कार्तिकी एकादशीला सायकलने जाण्याचे ठरवले, तेव्हा म्हापशातील एका सायकल दुकानाने देऊ केलेली ‘घाटवारीची तयारी’ ही सेवा आम्ही घेतली. सायकलची दुरुस्ती, गिअरमधील बदल, मार्गाची निवड आणि टप्प्यांचा लेखी आराखडा असे तिचे स्वरूप आहे. हे परीक्षण त्या सेवेचे आहे. मात्र घाटांविषयी न बोलता ते लिहिणे शक्य नाही.

दुकानात पाऊल ठेवल्यावर मालकाने विचारलेला पहिला प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. “माउली, आषाढी की कार्तिकी?” तिथी कळेपर्यंत त्यांनी नकाशाला हात लावला नाही. दुसरा प्रश्न, निघणार कुठून. तिसरा, सामान किती. आणि याचे उत्तर त्यांनी तोंडी घेतले नाही. भरलेल्या पिशव्या सायकलीवर चढवून यायला सांगितले, प्रत्येक सायकल तराजूच्या आकड्याला टांगली आणि वजन वहीत लिहिले. टाळ, पखवाजाचे आवरण, जादा चादरी असे बरेच काही तिथेच बाजूला निघाले. विक्रीला ठेवलेल्या वस्तूंकडे बोट दाखवण्याआधी गिऱ्हाइकाचे ओझे कमी करणारे दुकान माझ्या पाहण्यात फारसे नाही.

मार्गाची चर्चा या सेवेचा सर्वांत सकस भाग आहे. अनमोड घाटाचा रस्ता फोंडा, मोले, अनमोड असा राष्ट्रीय महामार्ग 748 वरून जातो; चढाची एकूण उंची चोर्ल्यापेक्षा कमी आहे आणि सासष्टी, फोंडा भागांतील लोकांना तो जवळचा आहे. परंतु हा मालवाहतुकीचा मार्ग आहे, आणि भगवान महावीर अभयारण्यातील वळणांवर मागून येणाऱ्या ट्रकला सायकलस्वाराच्या संथ, किंचित डुलणाऱ्या चालीचा अंदाज येत नाही. एकट्या, अनुभवी सायकलस्वाराने तो पहाटे पार करावा. पन्नाशी ओलांडलेल्या वारकऱ्यांच्या रांगेला मी तो सुचवणार नाही. तिळारीच्या घाटाचा विषय मालकांनी एका वाक्यात संपवला. तिथला उभा चढ भरलेल्या सायकलीसाठी नाहीच, हे त्यांचे म्हणणे मलाही पटते.

खरी निवड आंबोली आणि चोर्ला यांच्यात होती. पेडणे, बार्देशच्या लोकांनी पत्रादेवीची हद्द ओलांडून बांदा, सावंतवाडी आणि पायथ्याचे दाणोली गाठले की आंबोलीचा चढ सुरू होतो. रस्ता प्रशस्त आहे, घाटमाथ्यावर नांदते गाव आहे, खाण्याची व मुक्कामाची सोय होते, आणि पुढे आजरा, गडहिंग्लज या पट्ट्यात पंढरीला निघालेल्या माणसाला चहासाठी थांबवून घेणारी घरे भेटतात. आषाढीला आंबोलीच घ्यावी, असे दुकानाचे मत आहे आणि मला ते रास्त वाटते. आंबोलीचा पाऊस महाराष्ट्रातील सर्वाधिक पावसांपैकी एक आहे हे खरे. पण अशा पावसात दरड कोसळली किंवा धुके उतरले, तर माणसांची वस्ती जवळ असणे हेच मोठे संरक्षण ठरते. शनिवार-रविवारी धबधब्यापाशी होणारी पर्यटकांच्या वाहनांची गर्दी तेवढी टाळली पाहिजे.

चोर्ला याच्या उलट स्वभावाचा आहे. सांखळीहून केरी, अंजुणे धरणाचा परिसर आणि तिथून म्हादई अभयारण्याच्या कडेने सुमारे आठशे मीटर उंचीपर्यंत जाणारी वळणे, असा हा रस्ता दाट झाडीतून चढतो. मधल्या पट्ट्यात दुकान नाही, भ्रमणध्वनीची रेंज तुटते, आणि माथ्यावर आल्यावरही कणकुंबी, जांबोटीपर्यंत चढउतार चालूच राहतात. तरीही कार्तिकासाठी आम्हाला चोर्ला सुचवला गेला. पाऊस ओसरलेला असतो, झाडांची सावली दहा वाजेपर्यंत रस्त्यावर टिकते, आणि बेळगावला पोहोचण्याचा हा सरळ मार्ग आहे. त्यात आणखी एक गोष्ट आहे, जी कोणत्याही आराखड्यात मांडता येत नाही. वाळवंटी नदीच्या काठी सांखळीजवळच्या विठ्ठलापुरात विठोबाचे दर्शन घेऊन निघायचे आणि मलप्रभेच्या उगमाशी, कणकुंबीच्या माउलीच्या देवळापाशी पहिला दीर्घ विसावा घ्यायचा, हा क्रम यात्रेला शोभतो. यात्रेचा मार्ग निवडताना घाटमाथ्यावर पोहोचल्यावर नामस्मरणापुरता श्वास शिल्लक राहतो का, हे पाहावे, असे माझे ठाम मत आहे. आणि या दुकानाने नेमका तोच हिशेब केला.

हा हिशेब गिअरमध्ये दिसतो. माझ्या सायकलीची पुढची लहान चक्री 34 दात्यांची आणि मागची सर्वांत मोठी चक्री 28 दात्यांची होती. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल अडीच मीटरहून थोडी पुढे सरकत असे, आणि मिनिटाला साठ फेरे ठेवायचे तर चढावर ताशी नऊ किलोमीटरचा वेग राखावा लागे. भरलेल्या सायकलीला पाच टक्के चढावर, म्हणजे शंभर मीटरला पाच मीटर उंची चढताना, हा वेग तासभर पेलणे माझ्या वयाला जड आहे. मेकॅनिकने मागे 34 दात्यांची चक्री असलेली कॅसेट, म्हणजे मागच्या चक्र्यांचा संच, बसवली. आता एका फेऱ्यात सायकल सुमारे 2.1 मीटर सरकते, तेच साठ फेरे ताशी साडेसात किलोमीटरला जुळतात, आणि प्रत्येक फेऱ्याला लागणारा जोर सहाव्या हिश्शाने तरी कमी होतो. मोठ्या चक्रीसाठी लांब पिंजऱ्याचा डिरेलर (साखळी एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा भाग) आणि लांब साखळी लागते, हे त्यांनी आधीच सांगून सुट्या भागांचे पैसे व मजुरी वेगवेगळी लिहून दिली. सायकल स्टँडवर टांगून, हाताने पायडल फिरवत, साखळी मोठ्या चक्रीवर चढताना होणारा बारीक खरखराट जाईपर्यंत त्या मुलाने केबलचा ताण पाव-पाव फेऱ्याने जुळवला. केरीच्या पुढच्या वळणांवर गिअर एकदाही अडखळला नाही.

टप्प्यांचा आराखडा लांबट कागदी पट्टीवर छापून मिळतो आणि हँडलला बांधता येतो. पाण्याची ठिकाणे, चढाचा आलेख, पंक्चर काढणारी दुकाने यांच्या नोंदी विश्वासार्ह निघाल्या. विशेष दाद द्यावी ती एका सूचनेला: चिकोडीपासून अंकली, मिरजेपर्यंत सूर्यास्तानंतर सायकल चालवू नये. कार्तिकात उसाचा हंगाम सुरू होतो, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर येतात आणि त्यांतील पुष्कळांना मागे दिवा नसतो. जागेवर गेल्यावर या ओळीचे मोल कळले.

उणिवाही स्पष्ट लिहिल्या पाहिजेत. आराखडा चढ मोजतो, पण वारा मोजत नाही. आषाढात पश्चिमेचा वारा पाठीशी असतो आणि पंढरपूरच्या दिशेने ढकलतो. कार्तिकात तो पूर्वेकडून येतो आणि मिरज सोडल्यावर, कवठे महांकाळ ते सांगोला या उघड्या माळावर, समोरून लागतो. सपाट रस्ता म्हणून तिथे आखलेला सर्वांत लांब टप्पा आम्हाला घाटापेक्षा कठीण गेला. कार्तिकीच्या भाविकांसाठी हा टप्पा दोन भागांत विभागायला हवा, असे मी मालकांना सांगितले. त्यांनी ते वहीत उतरवून घेतले. दुसरी उणीव खोगिराची, म्हणजे सायकलच्या सीटची. स्त्रियांना बसेल असे रुंद खोगीर दुकानात एकाच मापाचे होते, आणि आमच्यातील दोन भगिनींना ते स्वतः अन्यत्र शोधावे लागले. घाटवारीची सेवा देणाऱ्याने ही गोष्ट दुय्यम मानू नये.

परतीचा विचार मात्र त्यांनी चांगला केला आहे. रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या धातूच्या कडेवर दाबले जाणारे ब्रेक, असलेल्या सायकलींनी भरल्या ओझ्यासह घाट उतरू नये, उतरायचाच असेल तर ब्रेक सतत दाबून न धरता सोडून सोडून लावावेत आणि रिम हाताला गरम लागल्यास थांबावे, असे ते निघण्याआधीच बजावतात. त्याहून बरा पर्याय म्हणजे रेल्वे. पंढरपूरहून मिरज, आणि मिरजेहून बेळगाव, लोंढा, कुळे मार्गे मडगावला येणारी गोवा एक्सप्रेस. सायकल सामानाच्या डब्यात नोंदवावी लागते, म्हणून दिवे, पाण्याच्या बाटल्या, पंप काढून पिशवीत ठेवणे, पायडल सोडवणे आणि हँडल आडवे वळवणे हे सारे दुकानात प्रत्येकाकडून एकदा करून घेतले जाते. डाव्या पायडलचा आटा उलटा असतो, तो सोडवताना पाना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवावा लागतो. मिरजेच्या फलाटावर आमच्या मंडळाने ही सारी कामे कोणाची मदत न घेता केली.