ऑफिसच्या ईमेलमधले इंग्रजी वाक्प्रचार आणि केंब्रिजचा ऑनलाइन शब्दकोश

'लेट्स टेबल धिस प्रपोजल' असं ईमेलमध्ये आलं, की तयारीला लागायचं की फाइल मिटायची? लिहिणारा ब्रिटिश असेल तर प्रस्ताव चर्चेला घ्यायचाय, अमेरिकन असेल तर लांबणीवर टाकायचाय. दुसऱ्या महायुद्धात या दोन देशांच्या लष्करी अधिकाऱ्यांची याच शब्दावरून चांगलीच खडाजंगी झाली होती. दोघांना हवं होतं एकच! चर्चिल यांनीच हा किस्सा लिहून ठेवलाय.

केंब्रिजचा मोफत ऑनलाइन शब्दकोश कामाला येतो तो अशाच जागी. अर्थाला 'यूके' किंवा 'यूएस' अशी छोटीशी खूण असते. घाईत तीच नजरेतून सुटते, माणूस पहिला दिसलेला अर्थ उचलतो आणि उलटंच काम करून बसतो.

शोधताना ईमेलमधलं अख्खं वाक्य टाकू नका. क्रियापद मूळ रूपात आणा, 'माय', 'युअर' काढून टाका. 'दे मूव्ह्ड द गोलपोस्ट्स अगेन' ऐवजी 'मूव्ह द गोलपोस्ट्स' टाका (काम सुरू झाल्यावर अटी बदलणे). तरीही सापडलं नाही तर त्यातलं सगळ्यात ठसठशीत नाम घ्या. सर्वसाधारण अर्थावर थांबू नका, खाली 'बिझनेस इंग्लिश'चा वेगळा भाग असतो. वित्तीय मजकुरातला 'हेअरकट' केसांचा नसतो. तिथे तो येणे रकमेतला सोडून द्यावा लागलेला भाग किंवा मालमत्तेच्या किमतीला लावलेली कात्री असते.

'इन्फॉर्मल' ही खूण वाचताना फारशी लागत नाही, लिहिताना मात्र फार लागते. 'बॉलपार्क फिगर' म्हणजे ढोबळ आकडा. सहकाऱ्याला लिहायला ठीक, पण करारात किंवा कोटेशनमध्ये तो शब्द नको. तिथे किमान आणि कमाल आकडा सरळ द्यावा.

उगम मात्र इथे क्वचितच कळतो, आणि लक्षात राहायला तोच सोपा असतो. 'क्लोज ऑफ प्ले' क्रिकेटमधून आल्यामुळे आपल्याला लगेच कळतं: दिवसाचा खेळ संपला, म्हणजे कामाचा दिवस संपेपर्यंत. 'टच बेस' मात्र बेसबॉलचं, म्हणून अडखळायला होतं. अर्थ इतकाच, की थोडक्यात संपर्क साधू. 'पुश द एन्व्हलप'मध्ये पाकीट शोधू नका. विमान कुठल्या मर्यादेत सुरक्षित उडेल, त्या मर्यादेला वैमानिक 'एन्व्हलप' म्हणतात; ती ताणून पाहणे, म्हणजे नेहमीच्या मर्यादेपलीकडे जाणे. 'इन द रेड' म्हणजे तोट्यात आणि 'इन द ब्लॅक' म्हणजे नफ्यात, हे खतावणीतल्या शाईवरून आलंय. आपल्याकडच्या 'काळ्या पैशा'शी त्याचं नातं नाही. अशा माहितीसाठी आणि एकूणच अमेरिकन वापरासाठी मेरियम-वेबस्टर हा अमेरिकन शब्दकोश बरा. शब्द पहिल्यांदा कधी वापरात दिसला तो काळही तिथे बऱ्याचदा मिळतो.

खरी अडचण वेगळीच आहे. समोर आहे तो वाक्प्रचार आहे अशी शंका आली, तरच माणूस शब्दकोश उघडतो. 'बॉइल द ओशन' वाचून कुणीही थबकेल. समुद्र उकळायचा कशाला? (अवाक्याबाहेरचं काम अंगावर घेणे.) घात करतात ते साधे दिसणारे शब्द. 'सँक्शन' म्हणजे मंजुरी देणे आणि निर्बंध लादणेही. 'टेक इट ऑफलाइन'चा इंटरनेटशी संबंध नाही. सगळ्यांसमोर नको, नंतर वेगळं बोलू, एवढंच. आणि 'ॲज पर माय लास्ट ईमेल' शब्दशः निरुपद्रवी असलं, तरी अनेकदा 'आधी लिहिलेलं वाचत का नाही?' हा वैताग त्यात असतो. हा सूर अर्थाच्या एका ओळीत मावत नाही.

तारीख, पैसा किंवा मंजुरी गुंतलेली असेल तर शब्दकोशावर विसंबूच नये. उलट एक ओळ पाठवावी: हा विषय आजच्या बैठकीत घ्यायचा, की पुढे ढकलायचा? 'क्लोज ऑफ प्ले' असेल, तर किती वाजता आणि कुणाच्या घड्याळाप्रमाणे, तेही विचारावं.