लॉटरी-विश्लेषणाचं ॲप आणि माझी एक्सेल शीट: आठ महिन्यांनंतर

50 ते 59 हे सगळे आकडे ‘थंड’, म्हणजे क्वचित निघणारे आहेत, असं ॲपने पहिल्याच दिवशी दाखवलं आणि मी तीन आठवडे ते टाळत राहिलो. मी लेस्टरला राहतो, ब्रिटनच्या लोटोची दोन पौंडांची तिकिटं घेतो. ही लॉटरी 1994 साली 49 चेंडूंवर सुरू झाली. ऑक्टोबर 2015 पासून 59 झाले; त्यांतले सहा मुख्य आकडे दर सोडतीत निघतात. ॲपने सुरुवातीपासूनच्या सगळ्या सोडती एकत्र मोजल्या होत्या. जो चेंडू वीस वर्षं यंत्रातच नव्हता, तो निघणार कुठून? महिन्याचे पैसे घेणाऱ्या ॲपने एवढं तरी बघायला हवं होतं. मी कळवलं, उत्तर आलं नाही.

मग 2015 नंतरच्या सोडती स्वतः एक्सेलमध्ये घेतल्या. खरं शिकलो ते इथे. हजार सोडतींत प्रत्येक आकडा सरासरी 102 वेळा यायला हवा, पण नऊ-दहाचा चढउतार अगदी साधा. 59 आकडे म्हटल्यावर एखादा सव्वाशेपर्यंत जाणार, एखादा ऐंशीच्या खाली रेंगाळणार. ॲप त्यांनाच लाल-निळा रंग देतं.

काय-स्क्वेअर चाचणी (आकड्यांमधला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का, हे तपासणारं गणित) लावताना एक खाचखळगा आहे. एका सोडतीत तोच आकडा दुसऱ्यांदा येऊ शकत नाही, त्यामुळे नेहमीच्या सूत्राचं उत्तर कमी येतं. त्याला 58/53 ने गुणायचं आणि मग 58 स्वातंत्र्यांश (डिग्रीज ऑफ फ्रीडम, इथे 59 हून एक कमी) धरून बघायचं. मला हे महिनाभर माहीत नव्हतं आणि आकडे जरा जास्तच समान वाटत होते. दुरुस्ती केली, शंका मिटली.

लागोपाठचे आकडे ‘दुर्मीळ’ म्हणून ॲप टाळायला सांगतं, तेही चूक. 59 मधून 6 काढले तर किमान एक जोडी लागोपाठची येण्याची शक्यता जवळपास 43 टक्के आहे.

ॲपची खरी परीक्षा अशी घेतली: प्रत्येक सोडतीआधी त्याचे सहा आकडे वहीत लिहायचे, शेजारी मुलीने डब्यातून काढलेल्या सहा चिठ्ठ्यांचे. 70 सोडतींत साधारण 43 आकडे जुळायला हवेत. दोन्ही रकाने त्याच्याच आसपास थांबले.

नमुना खरोखर दिसतो तो माणसांच्या निवडीत. 14 जानेवारी 1995 च्या सोडतीत पहिलं बक्षीस 133 जणांत वाटलं गेलं, म्हणजे इतक्या जणांनी तेच सहा आकडे घेतले होते. वाढदिवसांमुळे 31 पर्यंतचे आकडेही लोक जास्त घेतात. 31 च्या पुढचे घेतल्याने जिंकण्याची शक्यता तसूभर वाढत नाही, ती साडेचार कोटींत एकच राहते. मात्र लागलंच तर वाटेकरी कमी असण्याची शक्यता असते. (बाबा महाराष्ट्र राज्य लॉटरीचं छापील तिकीट घ्यायचे, तिथे असे सहा आकडे निवडायचा प्रश्नच नव्हता.)

ॲपची वर्गणी मी बंद केली. शीट चालू आहे. गुरुवारी आणि रविवारी सकाळी चहाबरोबर तिच्यात एक ओळ वाढते, आणि आता मुलगी स्वतःच सूत्र खाली ओढते.