पानांचे आकडे, ‘आणखी दाखवा’ की न संपणारी यादी?

पुस्तकांच्या ऑनलाइन दुकानात दीड हजार पुस्तकं असतील तर ती कशी दाखवायची, हे डेव्हलपरवर सोडू नका. त्यावर विक्रीही अवलंबून असते आणि गूगलमध्ये सापडणंही.

न संपणारी यादी, म्हणजे खाली सरकवत जावं तशी आपोआप वाढत जाणारी, मी दुकानासाठी सुचवणार नाही. करमणुकीच्या फीडला ती शोभते. खरेदीला आलेला माणूस एखादं पुस्तक उघडतो, मागे येतो, आणि यादी बऱ्याचदा पुन्हा पहिल्यापासून सुरू झालेली असते. तळाशी असलेला फोन नंबर गाठावा तर नवी पुस्तकं येऊन तो आणखी खाली जातो. माउसऐवजी कीबोर्ड वापरणाऱ्यांचे फार हाल होतात. गूगलनं स्वतःच्या शोधनिकालांत अशी सलग यादी मोबाइलवर २०२१मध्ये आणि कॉम्प्युटरवर २०२२मध्ये आणली होती. २०२४मध्ये ती काढायला सुरुवात केली.

‘आणखी दाखवा’ हे बटण मोबाइलवर सोयीचं, अंगठ्याला सोपं. पण गूगलचा बॉट, म्हणजे साइट वाचत फिरणारा त्याचा प्रोग्रॅम, सहसा बटण दाबत नाही, माणसासारखा स्क्रोलही करत नाही. तो एचटीएमएलमधल्या, म्हणजे पानाच्या कोडमधल्या, लिंक धरून पुढे जातो. त्यामुळे बटणामागे पुढच्या पानाची खरी लिंक नसेल, तर पहिल्या खेपेनंतरची पुस्तकं त्याला या यादीतून दिसतच नाहीत. साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांच्या पत्त्यांची यादी, दिला तर पत्ते कळतात, पण साइटच्या आतून मिळणाऱ्या लिंकची जागा तो भरून काढत नाही.

आकड्यांची पानं जुनाट दिसतात, तरी दुकानासाठी माझा कौल त्यांनाच. ‘सातव्या पानावर होतं’ हे गिऱ्हाईकाच्या लक्षात राहतं, आणि त्या पानाची लिंक मित्राला पाठवता येते.

मात्र प्रत्येक पानाला स्वतंत्र पत्ता हवा. पान क्रमांक पत्त्यात हॅश (#) चिन्हानंतर लिहिला तर गूगल तो धरत नाही. कॅनॉनिकल टॅगनं (सारख्या पानांपैकी मुख्य पान कोणतं, हे गूगलला सांगणारी कोडमधली खूण) सगळी पानं पहिल्या पानाकडे वळवण्याची चूक सर्रास होते. प्रत्येक पानाचा कॅनॉनिकल त्याचा स्वतःचाच ठेवा. ‘रेल नेक्स्ट’, ‘रेल प्रिव्ह’ या पुढचं-मागचं पान सांगणाऱ्या कोडमधल्या खुणांसाठी कुणी वेगळे पैसे मागत असेल तर निदान गूगलसाठी ते देऊ नका. गूगल ते वापरत नसल्याचं २०१९मध्येच जाहीर झालं आहे.

पानावर २४ पुस्तकं ठेवा. दोन, तीन किंवा चार रकान्यांत ती नीट बसतात. दीड हजारांची तरीही ६३ पानं होतील, आणि तेवढं खोल कुणी जात नाही. म्हणून आधी कादंबरी, चरित्र, बालसाहित्य असे विभाग पाडा.