पुण्याचं मोठं विद्यापीठ की सांगलीचं स्कॉलरशिपवालं छोटं कॉलेज?

मागच्या रविवारी तासगावला ताईकडे गेलेलो तर सोप्यात फवारणीची वही उघडी पडलेली. पुढच्या पानांवर द्राक्षबागेच्या औषधांची उधारी आणि मागच्या पानावर भाचीच्या इंजिनिअरिंगचा हिशोब. एका बाजूला पुण्याचं सीओईपी, म्हणजे जुनं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज, दुसऱ्या बाजूला सांगलीजवळचं एक छोटं प्रायव्हेट कॉलेज, नाव नको, त्यांनी सीईटीचा स्कोअर बघून घरी फोन केला की फी आम्ही माफ करतो तुम्ही फक्त या. दाजींनी छोट्याच्या खाली दोन रेघा ओढलेल्या. झालं, ठरलं.

मी म्हटलं थांबा जरा, ही माफी नक्की कोण देतंय ते तरी बघा. कारण 2024-25 पासून मुलींना ईडब्ल्यूएस, एसईबीसी (मराठा आरक्षण) किंवा ओबीसीतून असतील आणि घरचं उत्पन्न वर्षाला 8 लाखाच्या आत असेल तर कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, ॲडमिशन घेतल्यावर ट्यूशन फी आणि परीक्षा फी सरकारच 100 टक्के भरतं. म्हणजे कॉलेजवाले मोठ्या मनाने जे देतो म्हणतायत त्यातलं बरंचसं भाचीला तसंही मिळणारच आहे, आणि पुण्यातही मिळणार आहे, कारण सीओईपी 2022 मधे विद्यापीठ झालं तरी ते सरकारीच आहे. खाजगी अभिमत आणि सेल्फ फायनान्स विद्यापीठं मात्र या योजनेत बसत नाहीत, त्यामुळे नुसती युनिव्हर्सिटीची पाटी बघून तिकडं पळू नका. आणि कोणी 'कॅपचं टेन्शन कशाला, मॅनेजमेंट कोट्यातून घेऊ की' म्हणालं तर हात जोडून उठायचं, तिथं सरकारी माफी गेली.

मुलगा असता तर मी एवढं ठामपणे बोललो नसतो. ओपनच्या पोराला राजर्षी शाहू योजनेतून ट्यूशन फीची 50 टक्केच मिळते, तिथं उरलेली अर्धी कॉलेज खरंच सोडत असेल तर चार वर्षात चांगली रक्कम होते, शेतकऱ्याच्या घरात ती दिसते.

पण कॉलेजच्या स्कॉलरशिपला अट असते, आणि हे मी भोगलंय. मला पण असंच फुल माफीवर नेलेलं एका कॉलेजात, पहिल्या वर्षी सगळं गोड. दुसऱ्या वर्षी एम थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, राहिला आणि ऑफिसच्या खिडकीत क्लार्कने फॉर्म माझ्याकडे फिरवला, खालच्या ओळीवर बोट ठेवलं: सर्व विषय पहिल्या प्रयत्नात पास. बारीक अक्षर, खाली वडलांची सही. त्या महिन्यात फीपायी आमच्या गोठ्यातली एक म्हैस विकली गेली. सरकारी योजनेलाही अटी असतात, पण त्या जीआरमधे छापलेल्या असतात, कुणाच्या मर्जीवर नसतात. म्हणून कॉलेजकडून लेटरहेडवर शिक्क्यासकट घ्या: किती वर्षं, कुठल्या फीवर, एखादा विषय राहिला तर काय. फोनवरचं बोलणं धरू नका.

आता पुण्याची खरी अडचण फी नाहीच, राहण्या-जेवणाची आहे. सीओईपीत हॉस्टेल सगळ्यांनाच मिळेल असं नाही, नाही मिळालं की कॉट बेसिसवर रूम आणि मेस, माझा चुलतभाऊ महिन्याला दहा हजारात कसंबसं भागवायचा, त्यात सणाला घरी यायचं भाडं वेगळं. अल्पभूधारक असाल तर पंजाबराव देशमुख वसतिगृह भत्त्याचा अर्ज महाडीबीटीवर (सरकारी योजनांची वेबसाइट) जरूर भरा पण तो पैसा पहिल्याच महिन्यात हातात येईल असं धरून चालू नका, पहिलं सहा महिन्याचं पदरचं तयार ठेवा. याउलट सांगलीला ती रोज घरून येऊन-जाऊन करेल, एसटीत बायकांना 2023 पासून अर्धं तिकीट आहे, डबा घरचा. इथं छोटं कॉलेज सरळ जिंकतं.

मग पुणं कशाला? मला विचाराल तर सोबतीसाठी. 1854 पासूनचं कॉलेज, विश्वेश्वरय्या तिथं शिकलेले वगैरे ठीक आहे पण त्याने पोट भरत नाही. चुलतभाऊ तिथं गेला तेव्हा साधारणच होता, पण शेजारच्या कॉटवरचं पोरगं रात्री दोनला कोडिंग करतंय म्हटल्यावर ह्याला पण झोप लागेना. कंपन्या तिथं स्वतः येतात. छोट्या कॉलेजात बऱ्याचदा पूल कॅम्पसला, म्हणजे अनेक कॉलेजांच्या एकत्र मुलाखतींना, दुसऱ्यांच्या दारात जाऊन बसावं लागतं. चौकातल्या फ्लेक्सवर सगळ्यात मोठं पॅकेज असतं, तुम्ही मधल्या नंबरच्या पोराला किती मिळालं ते विचारा, आणि किती जणांपैकी ते पण.

छोट्याच्या बाजूने एक प्रामाणिकपणे सांगतो, तिथं सर तुम्हाला नावाने ओळखतात. मेकॅनिकलचं असेल तर कुपवाड एमआयडीसी, किर्लोस्करवाडी जवळ, सरांच्या ओळखीने इंटर्नशिप लागते. लाजरं, घर सोडून कधी न राहिलेलं पोरगं असेल तर मी पण हेच सांगेन. (सांगलीचंच वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज लागत असेल तर मात्र हे सगळं सोडा, 1947 चं कॉलेज, विश्रामबागेत, घरच्या जेवणासकट, अजून काय पाहिजे.)

भाची लाजरी नाही. तिने वहीतल्या रेघा खोडून सीओईपी वर घेतलं, कॅपच्या फॉर्मला पहिला पर्याय तोच टाकला. पहिल्या राउंडला पहिलाच पर्याय लागला की सीट फ्रीझ होते, मागं फिरता येत नाही, हे मी दोनदा सांगितलं. दाजी काही बोलले नाहीत. निघताना गाडीपाशी येऊन हळूच विचारलं, "मेसमधे भाकरी देतात का हो?"