कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजमध्ये क्रिमिनल जस्टिस: वर्षभर शिकल्यानंतरचा अनुभव

कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजांत, म्हणजे मुख्यतः दोन वर्षांचे शिक्षण देणाऱ्या सरकारी कॉलेजांत, क्रिमिनल जस्टिस (फौजदारी न्यायव्यवस्था) हा विषय बहुधा 'ॲडमिनिस्ट्रेशन ऑफ जस्टिस' या नावाने शिकवला जातो. महाराष्ट्रात कायद्याची पदवी घेतल्यानंतर अनेक वर्षे मी या क्षेत्रापासून दूर होते. न्यायालयाशी संबंधित कामाकडे पुन्हा वळता यावे म्हणून इथे प्रवेश घेतला. पोलिसांचे अधिकार कोठे सुरू होतात आणि कोठे संपतात हे बारकाईने समजून घ्यायचे असेल, तर इतक्या कमी खर्चात याहून चांगले शिक्षण मला माहीत नाही.

राज्याच्या रहिवाशांना एका युनिटमागे (अभ्यासक्रमाच्या एका क्रेडिटमागे) ४६ डॉलर शुल्क पडते, म्हणजे तीन युनिटांचा एक विषय १३८ डॉलरांत होतो; आरोग्य शुल्क आणि पुस्तके वेगळी. या दरासाठी सत्र सुरू होण्यापूर्वी किमान एक वर्ष आणि एक दिवस राज्यात वास्तव्य असावे लागते. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्या विद्यार्थ्यांना हा दर मिळत नाही आणि त्यांचे शुल्क कित्येक पटींनी जास्त असते, त्यामुळे भारतातून केवळ यासाठी येण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

सर्वांत जास्त शिकवले ते अहवाल लेखनाच्या तासाने. निवृत्त पोलीस अधिकारी असलेले आमचे प्राध्यापक बॉडी कॅमेऱ्यावरील चित्रण दाखवत आणि लगेच अहवाल लिहायला सांगत. कोणी 'तो माणूस घाबरलेला होता' असे लिहिले की ते वाक्य खोडून विचारत, 'हे तुम्हाला कशावरून कळले?' मग तेच वाक्य 'उत्तर देताना तो दोन पावले मागे सरकला आणि उजवा हात त्याने खिशातून बाहेर काढला नाही' असे होई. या शिस्तीचे महत्त्व टेरी विरुद्ध ओहायो (१९६८) हा निकाल वाचताना पटले. क्लीव्हलंडमध्ये १९६३ साली डिटेक्टिव्ह मॅकफॅडन यांनी दोन माणसांना एकाच दुकानासमोरून आळीपाळीने फेऱ्या मारत काचेतून आत डोकावताना पाहिले आणि नंतर त्यांचे कपडे वरवर चाचपले, तेव्हा पिस्तुले सापडली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही झडती वैध ठरवली. मात्र नुसता अंदाज पुरेसा नाही, अधिकाऱ्याला ठोस वस्तुस्थिती शब्दांत मांडता आली पाहिजे, हेही बजावले. रस्त्यावर एखाद्याला अडवणे योग्य होते की नाही, याचा निवाडा अनेकदा अहवालातल्या अशाच दोन-तीन वाक्यांवर होतो.

भारतीय कायदा शिकलेल्यांना मिरांडा विरुद्ध ॲरिझोना (१९६६) हा त्याच न्यायालयाचा निकाल विशेष विचार करायला लावेल. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, हा पूर्वी १८७२च्या पुरावा कायद्यात असलेला आणि आता भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३मध्ये कायम असलेला नियम आपल्या अंगवळणी पडलेला असतो. इथे असा कबुलीजबाब ग्राह्य धरला जाऊ शकतो, आणि म्हणूनच ताब्यातील चौकशीपूर्वी गप्प राहण्याचा व वकिलाचा हक्क सांगणे इतके कळीचे ठरते. दोन्ही व्यवस्थांना पोलिसी दडपणाचीच धास्ती आहे, पण उपाय वेगळे आहेत. या तुलनेवर वर्गात आणखी वेळ मिळायला हवा होता असे मला मनापासून वाटते.

उणिवाही आहेत. शिक्षक बदलला की विषयाचा दर्जा बदलतो. माझा एक ऑनलाइन विषय केवळ प्रकरण वाचा, प्रश्नमंजूषा सोडवा, एवढ्यावरच उरकला गेला. तुरुंग आणि पुनर्वसन या भागाला पोलीस कामकाजाच्या मानाने फारच थोडी जागा मिळते, हे मला गंभीर वाटते. विषयनिवडीबाबत सल्ला देणाऱ्या काउन्सेलरची भेट सत्राच्या सुरुवातीला मिळणे अवघड असते, त्यामुळे नोंदणीच्या बरेच आधी ती ठरवून ठेवावी.

कम्युनिटी कॉलेजची या विषयातली पदवी म्हणजे पोलीस अकादमी नव्हे. ते प्रशिक्षण स्वतंत्रपणे घ्यावे लागते. कॅलिफोर्नियात २०२३पासून पोलीस अधिकारी होण्यासाठी नागरिकत्वाची अट राहिलेली नाही, काम करण्याची कायदेशीर परवानगी मात्र हवी, आणि किमान वय २१ आहे. एफबीआय या केंद्रीय तपास यंत्रणेचा स्पेशल एजंट होण्यासाठी अमेरिकी नागरिकत्व, चार वर्षांची पदवी आणि किमान २३ वर्षे वय लागते. पुढे शिकायचे असेल तर ६० युनिटांची ट्रान्सफर पदवी (चार वर्षांच्या विद्यापीठात पुढे जाण्यासाठीची कम्युनिटी कॉलेजची पदवी) घ्यावी; तिच्यामुळे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या व्यवस्थेत जागेची हमी मिळते, मात्र हव्या त्याच कॅम्पसची नाही.