सुरक्षा आणि पर्यावरण एकाच वर्क परमिटवर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या कारखान्यात देखभालीच्या कामासाठी पूर्वी दोन वेगळे कागद असत. वर्क परमिट, म्हणजे धोक्याचे काम सुरू करण्याआधी घ्यायची लेखी परवानगी, सुरक्षा विभागाचे, तर पर्यावरणाची तपासयादी दुसऱ्या विभागाची. आणि ही यादी बहुधा काम उरकून कचऱ्याची पिंपे उभी राहिल्यावरच भरली जाई. आठ महिन्यांपूर्वी दोन्ही एकत्र केले. परमिट देणारा म्हणून मी ते रोज हाताळतो आणि आता जुन्या पद्धतीकडे परतण्याची माझी मुळीच तयारी नाही.

बदल दिसायला छोटा आहे. कामाच्या प्रत्येक टप्प्यापुढे धोका आणि उपाय लिहिण्याच्या रकान्यांना लागून ‘यातून काय बाहेर पडेल आणि ते कुठे जाईल?’ असा एक रकाना आला. टाकी आतून साफ करण्याचेच काम घ्या. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या वर आहे ना, ज्वलनशील वाफ स्फोटमर्यादेच्या, म्हणजे हवेत ती पेट घेऊ शकेल अशा किमान प्रमाणाच्या, १० टक्क्यांच्या खाली आहे ना, बाहेर पहारेकरी उभा आहे ना, हे आम्ही पूर्वीही काटेकोरपणे पाहत होतो. मात्र पंख्याने बाहेर फेकलेली वाफ शेजारच्या इमारतीच्या हवा घेणाऱ्या झडपेजवळ जाते, आणि धुतलेले पाणी उतारावरून पावसाळी गटाराकडे धावते, हे नव्या रकान्यामुळे प्रथमच काम सुरू होण्याआधी बोलले गेले. आता गटाराचे तोंड झाकल्याशिवाय पाण्याचा पाइप जोडला जात नाही.

सुरक्षा आणि पर्यावरण या दोन्ही बाजू एकमेकींविरुद्ध जातात, तेव्हा या पद्धतीचा खरा कस लागतो. नवे शीतकरण यंत्र घेताना आर-४१०ए या नेहमीच्या शीतकरण वायूऐवजी प्रोपेन, म्हणजे आर-२९०, वापरणाऱ्या यंत्राचा प्रस्ताव आला. पहिल्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,००० पट, तर प्रोपेनची नगण्य. परंतु हवेत प्रोपेनचे प्रमाण सुमारे २ टक्के झाले, तरी ते पेट घेऊ शकते. वेगवेगळे बसलो असतो, तर एका विभागाने होकार आणि दुसऱ्याने नकार दिला असता. एकत्र बसल्यामुळे वायूचा कमी साठा, गळतीसूचक आणि वायुवीजन या अटींवर निर्णय झाला.

पर्यावरण व्यवस्थापनाचे मानक आयएसओ १४००१ याची २०१५ ची आवृत्ती आणि कामाच्या जागच्या सुरक्षा-आरोग्याचे २०१८ मध्ये आलेले मानक आयएसओ ४५००१ यांची प्रकरणरचना सारखीच असल्याने ऑडिटची कागदपत्रे जुळवणे सोपे गेले. तेवढ्याने प्रत्यक्ष कामावर काही बदलले, असे मला वाटत नाही.

दोष सांगायलाच हवेत. पहिले दोन महिने नव्या रकान्यात ‘लागू नाही’ अशी खूण सर्रास होत होती. म्हणून खुणेची सोय काढून सर्वांत जवळच्या गटाराचा क्रमांक हाताने लिहिणे बंधनकारक केले. रात्रपाळीत पर्यावरण विभागाची सही मिळत नसे, त्यामुळे निकडीची दुरुस्ती रखडे. आता जिथे सांडपाणी, वाफ किंवा घातक कचरा निघणार आहे, तिथेच ती सही लागते.

परमिट बंद करण्याचा वाद मात्र अजून मिटलेला नाही. कंत्राटदाराने अवजारे उचलली की काम संपले, असे उत्पादन विभाग मानतो. तेल शोषलेला भुसा आणि चिंध्या झाकणबंद पिंपात भरून, त्यावर लेबल लावून त्या ठरलेल्या जागी पोहोचेपर्यंत मी परमिट उघडेच ठेवतो. त्यासाठी यंत्र तासभर उशिरा सुरू झाले, तरी ही अट मी सोडलेली नाही.